दुसऱ्याचे गीत आपल्या मुखी

एका खेड्यातील मंडळीचे उपदेशक आम्हांस लिहितात की, त्यांच्या येथे गेल्या वर्षापासून प्रौढ माणसांचा एक गायकवृंद उभा राहिला आहे. शेतावरून परतलेले गडी, एस.टी.चे एक वाहक, साखर कारखान्यातील दोन कामगार, अंगणवाडीच्या सेविका, एक परिचारिका आणि तीन आज्या अशी वीस-बावीस माणसे आठवड्यातून दोन वेळा दिवेलागणीनंतर प्रार्थनामंदिरात जमतात. मंडळीबाहेरचेही तिघे येतात. त्यांतील एक गृहस्थ माळकरी असून मृदंग उत्तम वाजवितात. गाण्याची आवड एवढेच त्यांचे येण्याचे कारण आहे, आणि ते पुरेसे आहे असे उपदेशकांस वाटते. आम्हांसही तसेच वाटते.

ह्या लोकांच्या वहीत गीते कोणती आहेत ते पाहिले तर मौज वाटते. 'उपासना संगीता'तील जुनी गीते आहेत, टिळकांची भजने आहेत, जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर बांधलेले एक पद आहे, गोव्याकडचे एक कोंकणी गीत आहे. ह्यांखेरीज अमेरिकेतील गुलामांनी रचलेले एक गीत आहे आणि दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषेतले एक आहे. ही शेवटची दोन परिचारिकाबाईंनी आणली. त्या मुंबईस शिकत असता तेथील एका गायकवृंदात होत्या.

येथवर सर्व ठीक होते. परंतु पुढे दोन तक्रारी निघाल्या, आणि त्यांमुळेच उपदेशकांनी आम्हांस पत्र लिहिले. पहिली तक्रार मंडळीच्या एका वडिलांची. ते म्हणतात, जे शब्द आम्हांस कळत नाहीत ते देवासमोर म्हणणे ही तोंडाची वाफ दवडणे होय; आणि जे दुःख आम्ही सोसले नाही त्याचे गाणे आम्ही म्हणणे हे ढोंग होय. दुसरी तक्रार निराळ्या बाजूने आली. वृंदातील दोघा तरुणांनी एका गीतास हलगीची साथ घ्यावी असे सुचविले, व एके संध्याकाळी ते हलगी घेऊनही आले. ती तापविण्यासाठी त्यांनी अंगणात काटक्या पेटविल्या, तोच वृंदातील सर्वांत वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खर्जाचा, वृंदाचा जणू पायाच. ते म्हणाले, "हे चामडे माझ्या बापाच्या गळ्यात होते. ते इथे वाजणार असेल तर मी घरी बरा." आणि ते गेले.

उपदेशक विचारतात: ह्यात खरे कोणाचे? पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लगेच देववले नाही, कारण प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. दुसऱ्याचे गीत आपल्या मुखी घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटीवर, असा तो प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या मंडळ्यांतून जे काही गाइले जाते, त्यातील निर्भेळ आपले असे फारच थोडे आहे. स्तोत्रे इब्री लोकांची. अनेक गीतांच्या चाली इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथील. पेटी हे आज आपले घरचे वाद्य वाटते, पण तेही युरोपातून आले आणि येथल्या कारागिरांनी त्याला मांडी घालून बसणाऱ्या गायकाच्या सोयीचे रूप दिले. उलट दिशेनेही असेच घडले आहे. इ.स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघी पाद्र्याने गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापविले. त्यात दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या आहेत. परदेशात जन्मलेल्या माणसाने आपल्या घरची ओवी उसनी घेतली आणि अशी बांधली की गोव्यातील भाविक ती देवळातून ऐकत राहिले. कोंकणातील बेने इस्राएल बंधूंनी सुमारे इ.स. १८८० पासून कीर्तनाचा प्रकार उचलला आणि अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने मराठीत लाविली. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर त्यांनी अभंग, भजन, कीर्तन ही वाहने मंडळीच्या अंगणात आणून उभी केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड सांगत.

ह्याआधी बराच काळ इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबून गाण्याची रीत होती आणि ती अजूनही काही ठिकाणी आहे. त्यात ऱ्हस्वाचे दीर्घ होते, दीर्घाचे ऱ्हस्व होते, आणि शब्दाचे मधले अक्षर इतके लांबते की ऐकणाऱ्याने अर्थाचा नाद सोडून द्यावा. असे एक गीत आम्ही लहानपणी वर्षानुवर्षे म्हटले, आणि त्यातील एका ओळीत कोणाला तरी कोठे तरी नेत आहेत एवढेच आम्हांस कळे. कोणास व कोठे, हे पुस्तक वाचावयास आल्यावर समजले. तेव्हा न कळता गाणे म्हणजे खोसा भाषेतच गाणे असे नाही. ते शुद्ध मराठीतही चांगले साधते, हे त्या वडिलांनी ध्यानात घ्यावे.

तथापि, सर्वच उसने आहे असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. चोरही असेच म्हणतो. उसने घेणे आणि उचलून नेणे ह्यांत फरक आहे, आणि तो फरक खेड्यातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतो. शेजारणीकडून पीठ उसने आणावयाचे तर आधी तिच्या दाराशी जाऊन मागावे लागते. कोणाच्या घरचे आणले हे लक्षात ठेवावे लागते. आणि परत करिताना माप सपाट नव्हे, शीग लावून भरावे लागते. गीताच्या बाबतीत ह्या तीन गोष्टी कशा लागू पडतात हेच आम्हांस पाहावयाचे आहे.

वडिलांची पहिली शंका समजुतीसंबंधी आहे, आणि तिला शास्त्राचा आधार आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना, आत्म्याने गावे तसेच बुद्धीनेही गावे, अशा अर्थाचे शिक्षण दिले आहे. हे आम्ही पूर्णपणे मान्य करितो. परंतु त्यातून निघते काय? न समजणारे गीत सोडून द्यावे असे निघते, की ते समजून घ्यावे असे? आमच्या मते दुसरे. बाईंनी ते खोसा गीत कसे शिकविले ह्याविषयी उपदेशकांनी जे लिहिले आहे ते वाचून आम्हांस समाधान वाटले. पहिल्या दोन बैठकींत त्यांनी सूर लाविलाच नाही. फळ्यावर एकेक शब्द देवनागरीत लिहून त्याचा अर्थ शेजारी मांडिला, आणि मग हे गीत कोणी, केव्हा, कशासाठी रचिले ते सांगितले. त्या गीताची हकीकत येथे देण्याजोगी आहे.

इंग्लंडात नॉर्विच शहरी सारा ग्लोव्हर नावाच्या बाई होत्या. मुलांना गायन सोपे व्हावे म्हणून त्यांनी स्वरांच्या नावांची आद्याक्षरे लिहून शिकविण्याची रीत काढिली. जॉन कर्वेन ह्या पाळकांनी १८४० नंतरच्या काळात तीच रीत सुधारून शब्बाथ शाळांसाठी पसरविली. आपल्याकडे सा, रे, ग, म लिहितात तसेच ते लिहिणे आहे, म्हणून आपल्या लोकांस ते चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. पाच आडव्या रेषांवरील ठिपके वाचण्यास गुरू व पैसा दोन्ही लागतात. ही अक्षरे साध्या छापखान्यात छापता येत, आणि दिवसभर राबलेला माणूसही ती शिकू शके. वेल्स देशातील कोळशाच्या खाणींतील मजूर ही अक्षरे वाचून आपल्या प्रार्थनामंदिरांतून चार आवाजांची मोठमोठी गीते गाऊ लागले. मिशनऱ्यांबरोबर तीच अक्षरे मादागास्करला गेली, दक्षिण आफ्रिकेत गेली, आणि आपल्या देशात मिझोरामातील मंडळ्यांच्या गीतपुस्तकांतूनही आली.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग शहराजवळ मेथडिस्ट मिशनच्या शाळेत इनॉक सोन्टोंगा नावाचे शिक्षक होते. शाळेचा गायकवृंदही तेच चालवीत. १८९७ साली त्यांनी आपल्या खोसा भाषेत, आफ्रिकेवर देवाचा आशीर्वाद असावा अशी विनवणी करणारे एक गीत रचिले आणि ते ह्याच अक्षरस्वरांत लिहून ठेविले. १९०५ साली ते वारले, त्या वेळी त्यांच्या हाताने काय झाले होते हे त्यांस स्वतःस ठाऊक नव्हते. १९१२ साली तेथील काळ्या लोकांच्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या बैठकीत ते गाइले गेले. पुढे वर्णभेदाच्या राजवटीत ते अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांचे गीत झाले. १९९४ साली ती राजवट संपली. १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात ह्या गीताचा भाग जुन्या राजवटीच्या राष्ट्रगीताच्या भागाशी जोडला आहे, आणि ते एकच गीत पाच भाषांत गाइले जाते: खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स व इंग्रजी.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १९७६ साली सोवेटो येथे शाळेतील मुले रस्त्यावर आली ती आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती झाली म्हणून, आणि त्यांवर गोळीबार झाला. ज्या भाषेच्या सक्तीपायी मुले मेली त्या भाषेतील कडवे आज त्यांची भावंडे गातात. आणि ज्यांच्या बापांनी खोसा भाषेकडे ढुंकून पाहिले नव्हते ते गोरे लोक खोसा शब्द घोकतात. हे सर्वांस गोड लागते असे मुळीच नाही. ते जुने कडवे काढून टाकावे अशी मागणी करणारे तेथे आजही आहेत, आणि त्यांना हट्टी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आम्ही एवढेच सांगतो की, परक्या भाषेतील गीत गाणे ही नेहमीच हौस नसते. कित्येकदा ते फार अवघड असे शेजारधर्माचे काम असते.

खोसा भाषेत काही व्यंजने जीभ टाळ्यावर आपटून काढितात. आपण बैलास हाकताना जिभेचा जो आवाज करितो त्याच्याशी त्यांतील एकाचे साम्य आहे, असे कळल्यावर वृंदातील शेतकरी मोठ्या उत्साहाने तो काढू लागले म्हणे. आज्यांस मात्र तो साधेना, आणि त्या हसून हसून बेजार झाल्या. प्रौढ माणसाने नवे शिकताना आपले हसे होऊ देणे, हाही गायकवृंदाचा एक लाभ आहे. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी माणसे तेथे चुकतात, शेजारच्या सुनेकडून दुरुस्त करून घेतात, आणि पुन्हा म्हणतात. आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजावर चढला तर तो खाली आणावा लागतो, आणि त्यासाठी गाता गाताच ऐकावे लागते. पंचायतीच्या बैठकीत जे कधी घडत नाही ते तेथे दर ओळीस घडते.

आता वडिलांच्या शंकेचा दुसरा भाग. जे आपण सोसले नाही त्याचे गीत आपण गावे काय? येथे आम्हांस बाबेलच्या नद्यांच्या तीरी बसलेल्या बंदिवानांची आठवण होते. एकशे सदतिसाव्या स्तोत्रात ती हकीकत आहे. ज्यांनी त्यांस देशोधडीस लाविले तेच त्यांना म्हणू लागले की, तुमच्या देशाची गाणी आमच्यासाठी गा, आम्हांस ऐकून मौज वाटेल. आणि बंदिवानांनी वीणा झाडांवर टांगून ठेविल्या. म्हणजे गीत देण्याचे नाकारणे हाही गीताच्या मालकाचा हक्क आहे, आणि शास्त्राने तो लिहून ठेविला आहे.

ह्याचीच पुनरावृत्ती अमेरिकेत झाली. तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी नॅशविल शहरी मुक्त झालेल्यांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पैसा नव्हता, इमारती मोडकळीस आल्या होत्या. तेव्हा तेथील खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी गाणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक जथा तयार केला, आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये ती नऊ तरुण मुले-मुली वर्गणी मिळविण्यास बाहेर पडली. त्यांतील बहुतेक गुलामगिरीत जन्मलेली होती. आरंभी ती गोऱ्या लोकांस परिचित अशी गीतेच जास्त गात. आईबापांनी शेतावर राबताना, रात्री चोरून जमून जी गीते गाइली होती, ती ह्या मुलांस पाठ होती. परंतु ती परक्यांसमोर उघडी करण्यास त्यांचे मन घेत नव्हते. त्यांपैकी एला शेपर्ड ह्या बाईंनी पुढे लिहून ठेविले आहे की, ती गीते आईबापांना पवित्र होती, ती ते देवाच्या आराधनेत गात, म्हणून जाहीर सभेत म्हणण्याचे विचार आमच्या मनातही आले नव्हते.

त्यांचा हा संकोच अनाठायी नव्हता. त्या काळी गोरे लोक तोंडास काजळ फासून काळ्यांची गाणी व चालचलणूक ह्यांची नक्कल करीत, आणि नाटकगृहे हशाने भरून जात. सूर तोच, शब्दही पुष्कळसे तेच; पण एका तोंडी ते रडणे आणि दुसऱ्या तोंडी कुचेष्टा. शेवटी त्या मुलांनी नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन येथे पाळकांच्या एका परिषदेपुढे आपली गीते म्हटली. लोक स्तब्ध झाले, पुष्कळांचे डोळे पाणावले. दोन वर्षांनी इंग्लंडच्या राणीपुढे त्यांचे गायन झाले. त्यांनी मिळविलेल्या पैशातून फिस्क येथे जी मोठी इमारत उभी राहिली ती १८७६ साली वापरात आली आणि ती आजही उभी आहे. परंतु ज्या गावांतून लोक त्यांचे गाणे ऐकून रडले, त्यांतील कित्येक गावांच्या खाणावळींनी त्यांस रात्री निवारा दिला नाही. हे विसरू नये. दुसऱ्याच्या गीताने डोळे ओले होणे फार सोपे आहे. पुढे त्याच जथ्यातील फ्रेडरिक लाउडिन यांनी स्वतंत्र मंडळी घेऊन जगाचा प्रवास केला, आणि ते १८९० च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेले.

मग ज्याने साखळी घातली नाही त्याने साखळीचे गीत गाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. सोसणाऱ्यानेच गावे असा नियम केला तर सोसणारा मेला की गीतही मेले. आपल्या आयाबाया जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या बहुतेक त्यांनी स्वतः रचिलेल्या नव्हत्या. त्या कोणा एकीच्या दुःखातून निघाल्या, दुसरीने उचलल्या, तिसरीने त्यात आपल्या भावाचे नाव घातले. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी व त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या ज्या ज्या बाईने म्हटल्या तिचे व तिच्या गावाचे नाव लिहून ठेविले. ओवी कोणा एकीच्या मालकीची नाही, तरी म्हणणारीचे नाव पुसावयाचे नाही, ही रीत आम्हांस फार न्यायाची वाटते. आपले गायकवृंदही गीत म्हणण्यापूर्वी ते कोणाचे हे दोन वाक्यांत सांगतील तर बरे होईल. ख्रिस्तजयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या सत्काराला अर्धा तास जातो, तेथे ह्याला अर्धे मिनिट मिळण्यास हरकत नसावी.

काही वेळा तर परक्याच्या गीतासाठी कान देणे हेच मोठे देणे असते. वेल्स देशात लँगोलेन नावाचे एक लहान गाव आहे. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, तेव्हा १९४७ साली त्या गावाने निरनिराळ्या देशांच्या गायकवृंदांस बोलाविले. आलेले लोक बहुतेक पोटासाठी दुसरेच काही करणारे, म्हणजे कामगार, दुकानदार, शिक्षक असे होते, आणि गावकऱ्यांनी त्यांस आपल्या घरांतून उतरवून घेतले. १९४९ साली जर्मनीतील ल्यूबेक शहराचा वृंद आला. ज्यांची मुले जर्मनांशी लढताना मेली होती असे लोक त्या मंडपात बसले होते. गायकांस आपले काय स्वागत होईल ह्याची धास्ती होती, असे सांगतात. परंतु लोकांनी त्यांस मित्र म्हणून हाक मारली व टाळ्यांनी घेतले. जाता जाता सांगतो, १९५५ साली तेथेच इटलीतील मोडेना शहराच्या पुरुषवृंदास पहिले बक्षीस मिळाले. त्या वृंदात एक पाव भाजणारे गृहस्थ व त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा शेजारी शेजारी गात होते, आणि तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले गायक लुचानो पावारोत्ती.

आता हलगीकडे वळतो. आम्ही कबूल करितो की, पत्र प्रथम वाचले तेव्हा आमचे मन त्या तरुणांकडे झुकले. शेवटच्या स्तोत्रात डफ आहे, झांजा आहेत. तंबोरा चालतो, पेटी चालते, मृदंग चालतो, मग आपल्याच वाड्यातली हलगी का नको? इतके दिवस मंडळीने आपल्या गरीब पूर्वजांची वाद्ये हलकी मानिली व परदेशची उंची मानिली, ती लाज आता टाकली पाहिजे, असे तरुण म्हणतात, आणि त्यात सत्य आहे. हलगीचा ठेका इतका जिवंत आहे की तो ऐकून पाय स्वस्थ राहत नाहीत, हेही खरे. आमचे उत्तर जवळजवळ लिहून झाले होते.

मग आम्ही ते वृद्ध गृहस्थ काय म्हणाले ते पुन्हा वाचले. हलगी वाईट आहे असे ते म्हणाले नाहीत. ती बापाच्या गळ्यात होती असे म्हणाले. गावकीच्या रीतीने मातंग घराण्यांस हलगी वाजवावी लागे. जत्रा असो, वरात असो, मयत असो, दवंडी असो, बोलावणे आले की जावयाचे. ऊन असो वा ताप असो. जो देव त्यांच्या सावलीने विटाळे त्या देवाच्या पालखीपुढे, पण अंतर राखून, त्यांनी वाजवावयाचे, आणि मोबदल्यात खळ्यावरचे चार पसे धान्य. अशी कनिष्ठ म्हटलेली गावकामाची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु कायद्याने वतन जाते, आठवण जात नाही. त्या गृहस्थांनी लहानपणी बापामागून चालत हे सर्व पाहिलेले आहे. आम्हांस ज्या आवाजाने नाचावेसे वाटते त्या आवाजात त्यांना हाक ऐकू येते. बाबेलच्या तीरी वीणा टांगणारे आणि हे वृद्ध गृहस्थ ह्यांत आम्हांस काही भेद दिसेना. आणि ओबर्लिनपूर्वीच्या त्या मुलांचा संकोचही हाच.

म्हणून वडिलांच्या तक्रारीस एक उत्तर आणि ह्या तक्रारीस निराळे, असे आम्ही दिले आहे. खोसा गीत व गुलामांचे गीत वृंदाने गावे. त्यांच्या मालकांनी ती जगापुढे आपण होऊन ठेविली आहेत, आणि वृंद ती नाव घेऊन, अर्थ लावून, मानाने गात आहे. हलगीचे तसे नाही. तिचा मालक समोर बसला आहे, आणि त्याने अजून दिलेली नाही. बहुमताने हात वर करवून हा प्रश्न सोडवू नये असे आम्ही उपदेशकांस कळविले. मंडळीत पुष्कळ गोष्टी मतांनी ठरतात, पण ज्याची जखम त्याच्या वतीने इतरांनी मत देणे हे आम्हांस बरे दिसत नाही. त्या तरुणांपैकी एकाचे आजोबाही हलगी वाजवीत, तेव्हा वाद्य त्याचेही आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. नातवाचा वारसा खोटा नाही. परंतु वारसा घेणाऱ्याने, ज्याच्याकडून तो आला त्याच्याशी आधी बोलावे. हा मुलगा त्या वृद्धांशी बोललाच नव्हता, थेट काटक्या पेटवू लागला. शेजारणीच्या दाराशी न जाता पीठ उचलावे तसे हे झाले.

दुसरीही बाजू आम्ही लपवीत नाही. त्या वृद्धांचे दुःख हा मंडळीचा कायमचा नियम होऊ शकत नाही, आणि ते स्वतः तसे म्हणतही नाहीत. पुढच्या पिढीस त्या ठेक्यात अपमान ऐकू येणार नाही, केवळ ठेका ऐकू येईल. ते चांगले की वाईट, हे आम्हांस ठरविता आले नाही. जखम विसरली जावी असे वाटते. जखम कोणी केली हे मात्र विसरले जाऊ नये असेही वाटते. आणि ह्या दोन इच्छा एकाच हलगीवर कशा वाजवाव्यात ते कळत नाही.

आमचे उत्तर गेल्यावर उपदेशकांचे दुसरे पत्र आले. तो तरुण एके सकाळी त्या गृहस्थांच्या घरी गेला होता. पहिल्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत, चहा मात्र दिला. चार दिवसांनी तो पुन्हा गेला. तेव्हा त्यांनी विचारले की, तुम्ही त्या दिवशी जे वाजविणार होता तो ठेका कोणता? मुलाने ओट्यावर बोटांनी वाजवून दाखविला. ते म्हणाले, "हा वरातीचा. हा मयताला चालत नाही, आणि प्रार्थनेला कसा चालेल?" आणि मग वरातीचा कोणता, जत्रेचा कोणता, दवंडीचा कोणता, बाप कोणत्या काठीने वाजवी, हे त्यांनी सांगितले. आता तो मुलगा व त्याचा सोबती दर रविवारी दुपारी वही घेऊन जातात आणि ते ठेके बोल लिहून उतरवून घेतात. आजवर सात ठेके झाले आहेत. कोणता ठेका कोणाच्या दारी वाजवावा लागे आणि त्याचे काय मिळे, हेही ते त्याच वहीत लिहितात, कारण ते गृहस्थ दोन्ही एका दमात सांगतात.

वृंदात ते परत आले आहेत. खोसा गीताचे दुसरे कडवे बसविणे चालू आहे. सुगीच्या उपासनेत हलगी वाजणार नाही, असे उपदेशक कळवितात, मृदंग असेल.